पोत्यावर पोती युरिया टाकला, मग जमिनीत नत्र कमी कसा?

गेल्या महिन्यात गावाहून चुलत भाऊ आला, मुलुंडला आमच्याकडे, हातात नेहमीची पिशवी, पिशवीत गूळ, भुईमुगाच्या शेंगा आणि श्रीखंडाचे दोन डबे. डब्यात श्रीखंड नाही, माती. एकावर मार्करने 'बांध' लिहिलेलं आणि दुसऱ्यावर 'आपलं'. मीच फोनवर आण म्हटलं होतं, कारण त्याच्या आधी पंधरा दिवस त्याने मृदा आरोग्य पत्रिकेचा (माती तपासणीच्या सरकारी अहवालाचा) फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ताई, नत्र कमी आलाय बघ. दरवर्षी पोत्यावर पोती ओततोय, मग जातो कुठे?' नत्र म्हणजे नायट्रोजन, युरियात असतो तो.

घरात केमिस्ट्रीत एमएस्सी झालेली मी एकटी, त्यामुळे गॅस सिलेंडरच्या वासापासून जमिनीपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. पण हा प्रश्न खरंच भारी आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक शेतकऱ्यांना नीट कुणी सांगत नाही, मुंबईत बसून भाजी खाणाऱ्या आपल्याला तर त्याहून नाही.

आधी बाल्कनीत केलेला उद्योग सांगते. दोन काचेचे ग्लास पाण्याने भरले, आणि दोन्ही डब्यांतलं एकेक सुकं ढेकूळ, साधारण लिंबाएवढं, चहाच्या गाळणीत ठेवून अलगद पाण्यात धरलं. 'आपलं' लिहिलेलं ढेकूळ दोनच मिनिटांत फसकन विरघळून खाली गेलं, ग्लासात नुसता गढूळ चहा. बांधावरचं ढेकूळ मात्र बुडबुडे सोडत बसलं, कडेने थोडं झडलं, पण दहा मिनिटांनीही ढेकूळच होतं. भाऊ म्हणाला, 'अगं, दोन्ही एकाच ठिकाणची माती आहे, चार पावलांचं अंतर.' माती एकच होती, फरक एवढाच की बांधावर वर्षानुवर्षं गवत उगवतं आणि तिथेच कुजतं, नांगर लागत नाही, आणि शेतात मात्र आपण काहीच राहू देत नाही. ढेकळाला धरून ठेवणारा जो डिंक असतो तो मुळांचा, बुरशीचा, मेलेल्या जिवाणूंचा असतो, आणि जमिनीतला जवळजवळ सगळा नत्र या डिंकासारख्या सेंद्रिय मालातच अडकलेला असतो. (ग्लासातल्या टेस्टने नत्र मोजला जात नाही, तेवढं लक्षात असू द्या. डिंक आहे की नाही एवढंच कळतं.)

तर जमिनीतल्या एकूण नत्रापैकी ९० ते ९५ टक्के किंवा त्याहून जास्त नत्र हा सेंद्रिय रूपात असतो, म्हणजे कार्बनला बांधलेला, प्रथिनांचे तुकडे, ह्युमस (कुजून उरलेला काळा भाग), जिवाणूंची प्रेतं वगैरे. पीक हा थेट खाऊ शकत नाही. पिकाला लागतो तो अमोनियम किंवा नायट्रेट, तो कुठल्याही क्षणी जमिनीत अगदी थोडा असतो. जिवाणू सेंद्रिय माल फोडतात, स्वतःचं पोट भरतात आणि उरलेला नत्र अमोनियम म्हणून बाहेर टाकतात, तो पिकाच्या वाट्याला येतो.

आकडे घालून बघू. एक एकराची वरची १५ सेंटीमीटर माती म्हणजे साधारण ८५० टन. सेंद्रिय कर्ब (कर्ब म्हणजे कार्बन) ०.५ टक्के धरला (आपल्याकडे याच्या खाली गेलं की पत्रिकेवर 'कमी' येतं, आणि बरीच शेतं खालीच आहेत) तर त्यात सव्वाचार टन कार्बन. जमिनीच्या सेंद्रिय मालात कार्बन आणि नत्राचं प्रमाण जगात कुठेही गेलात तरी दहा-बाराला एक असंच निघतं, म्हणजे नत्र झाला चारशे किलोच्या आसपास. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र. म्हणजे कमी कर्बाच्या, थकलेल्या एकरातही वीसेक पोती युरियाएवढा नत्र पुरलेला असतो! त्यातला दरवर्षी दोन-तीन टक्के फुटून पिकाला मिळतो. पत्रिकेवर जो 'उपलब्ध नत्र' असतो तो हा सगळा साठा नव्हे, त्यातला सहज सुटू शकणारा भाग, हेक्टरी २८० किलोच्या खाली असला की कमी.

आता मुख्य गोष्ट. हा साठा वाढतो कसा आणि संपतो कसा?

मी भावाला भाकरी-कालवणाचा हिशोब सांगितला. जिवाणूला जेवायला भाकरी लागते आणि कालवणही लागतं. कार्बन म्हणजे भाकरी, नत्र म्हणजे कालवण. चोवीस भाग भाकरीला एक भाग कालवण असं साधारण प्रमाण त्याला पटतं. नुसती भाकरी दिली, म्हणजे पाचट (उसाची वाळलेली पानं), भुस्सा, गव्हाचा काड, ज्यात कार्बन नत्राच्या ऐंशी-शंभर पट किंवा त्याहूनही जास्त असतो, तर तो कालवण शोधत जमिनीतला असलेला अमोनियम-नायट्रेट उचलतो आणि पीक काही आठवडे पिवळं पडतं. मी बाल्कनीत पहिल्यांदा कोकोपीटमध्ये मेथी लावली होती, तीन इंचांवर जाऊन अशी पिवळी पडली की सासूबाई म्हणाल्या कावीळ झालीय हिला. तेच ते. आणि नुसतं कालवण ओतलं, भाकरी नाहीच, तर ते साठत नाही, वाहून जातं नाहीतर उडून जातं. कार्बनशिवाय नत्र जमिनीत टिकून राहत नाही. बँकेत खातंच नाही आणि तुम्ही पैसे भरताय असं.

हे बघायला शेतात जायची पण गरज नाही. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे. सुरुवातीला सगळ्यांनी उत्साहाने भाजीची देठं, खरकटं, माशांची डोकी टाकली, आणि पंधरा दिवसांत बी विंगच्या खालच्या मजल्यांवरून तक्रारी, डोळे चुरचुरतात म्हणून. डोळे चुरचुरवणारा वास म्हणजे अमोनिया, म्हणजे नत्र आमच्या डोळ्यांदेखत हवेत जात होता. नाक्यावरच्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणायला लागलो, आवारातल्या बदामाची सुकी पानं त्यात टाकायला लागलो, वास आठवड्यात गेला. वॉचमनकाका म्हणाले पान टाकल्यावर वास दबतो. दबत नाही काका, नत्र तिथेच राहतो, खतात.

हे झालं काही आठवड्यांचं, पण जमिनीचं गणित तर पन्नास-शंभर वर्षांचं, ते कोणी बघितलंय? बघितलंय. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड म्हणून ठिकाण आहे, तिथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे, आजही. एका तुकड्याला कधीच काही नाही, एकाला रासायनिक खत, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत. शेणखताच्या तुकड्यात सेंद्रिय नत्र इतरांच्या दुप्पट, त्याहूनही थोडा वर गेला. नुसत्या रासायनिक खताच्या तुकड्यात काहीच न दिलेल्या तुकड्यापेक्षा जरासाच जास्त. पण मला वेड लावणारी गोष्ट तिथल्याच हूसफील्डची आहे. तिथे जवाच्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग बंद केलं, कायमचं. शंभराहून जास्त वर्षांनी मोजलं तरी त्या मातीत कधीच शेणखत न दिलेल्या मातीपेक्षा नत्र आणि कार्बन जास्त निघाला. म्हणजे पणजोबाने टाकलेल्या शेणाचा काही अंश पणतू खातोय.

हे ऐकून लगेच 'बघा, रासायनिक खत वाईटच' असं म्हणायचा मोह होतो, मी पण म्हणायचे, पण थोडं थांबा. यावर मोठी भांडणं झालीत. अमेरिकेत इलिनॉयला मॉरो प्लॉट्स म्हणून असेच प्रयोगाचे तुकडे आहेत, १८७६ पासून. २००७ आणि २००९ मध्ये तिथल्या काही शास्त्रज्ञांनी तिथले आणि इतर ठिकाणचे जुने आकडे काढून म्हटलं की दशकानुदशकं भरपूर एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) खत देऊन, वर पिकाचे अवशेष परत टाकूनही जमिनीतला कार्बन आणि नत्र घटला, म्हणजे खतानेच जिवाणूंना चेव येऊन साठा खाल्ला. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, अरे पण खत न दिलेल्या शेजारच्या तुकड्यात तर त्याहून जास्त घटला, तुलना त्याच्याशी करा ना. मग २०११ मध्ये जगभरातल्या ११४ दीर्घकालीन प्रयोगांचा एकत्र अभ्यास आला, त्यात दिसलं की नांगरलेल्या जमिनीत सेंद्रिय नत्र बहुतेक ठिकाणी घटतोच, नत्र खत दिलं तर घट कमी होते, आणि शेणखतासारखं सेंद्रिय काही दिलं तर परिणाम अजून चांगला.

माझं मत विचाराल तर दोघांचं अर्ध-अर्ध खरं आहे. खत दिलं की पीक मोठं, पीक मोठं की मुळं आणि धसकटं जास्त, तेवढी भाकरी जमिनीत राहते. पण आपल्याकडे काय होतं, ज्वारीचा कडबा गुरांना (आणि शेण मग चुलीला), कापसाच्या पऱ्हाट्या सरपणाला, उसाचं पाचट पेटवून मोकळं. जमिनीच्या वाट्याला उरतात नुसती मुळं. मग युरियाचा फायदा पिकाला होतो, जमिनीला नाही.

भावाचा मूळ प्रश्न होता, जातो कुठे. फ्रान्समध्ये १९८२ साली संशोधकांनी नत्राला खूण करून खत दिलं (नत्राचाच एक जरा जड भाऊ असतो, नत्र-१५, तो मोजता येतो) आणि बीट-गहू घेत तीस वर्षं त्याच्या मागावर राहिले. तीस वर्षांत पिकांनी उचलला ६१ ते ६५ टक्के, ८ ते १२ टक्के खाली पाण्यात झिरपला, आणि १२ ते १५ टक्के तीस वर्षांनीही तिथेच, जमिनीच्या सेंद्रिय मालात बसलेला. म्हणजे दिलेल्या खतातलाही काही नत्र साठ्यात जातो आणि मग हळूहळू सुटत राहतो, पिकालाही आणि विहिरीच्या पाण्यातही. आपण ज्याला 'यंदाचं खत' म्हणतो त्यातलं पहिल्या वर्षी पिकाने खाल्लेलं बऱ्याचदा निम्म्याहून कमी असतं, बाकी पीक जमिनीच्या जुन्या साठ्यावर जगतं. पोतं ओतलं की पान हिरवं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पोत्याला.

त्यात आपली हवा. उष्णता दहा अंशांनी वाढली की कुजणं साधारण दुप्पट वेगाने होतं. रॉथमस्टेडला वर्षाची सरासरी दहा अंशांच्या जवळपास, आपल्याकडे पंचवीसच्या पुढे. म्हणजे जे शेणखत तिथे शंभर वर्षं पुरतं ते आपल्याकडे तितकं पुरणार नाही, आपल्याला दरवर्षी घालतच राहावं लागणार. आपली एक जमेची बाजू म्हणजे काळ्या मातीतली चिकणमाती, ती सेंद्रिय माल आपल्या पदरात लपवून ठेवते, जिवाणूंना पटकन सापडू देत नाही. आणि नांगर नेमकं हेच लपलेलं उघडं करतो. नांगरट झाल्यावर पहिल्या वर्षी पीक जोरात येतं ना, ते या उघड्या पडलेल्या नत्रामुळे. अमेरिकेतली गवताळ जमीन पहिल्यांदा नांगरली तेव्हा बंपर पिकं आली आणि पुढच्या काही दशकांत त्या मातीतला तिसरा हिस्सा ते निम्मा सेंद्रिय माल संपला.

आपल्या मुंबईच्या जवळचंच उदाहरण, कर्जत-नेरळ. कल्याणच्या पुढे उन्हाळ्यात लोकल जाते तेव्हा शेतात काळे चौकोन दिसतात बघा, तो राब. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा, फांद्या रचून जाळतात. तण मरतं, राखेतून पालाश वगैरे मिळतं, सगळं मान्य, पण पालापाचोळ्यातला आणि शेणातला बहुतेक नत्र धुरात जातो आणि भाकरी तर जवळजवळ पूर्णच. त्याच पट्ट्यात, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) ही भाताची पद्धत आणली, गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, नांगरट नाही, भात कापला की मुळं जमिनीतच कुजू द्यायची. पद्धत सगळ्यांना जमेल का, तणाचं काय, हे वाद आहेत, पण मुळं जागच्या जागी ठेवणं यात नत्राच्या हिशोबाने चूक काढायला मला तरी जागा दिसत नाही.

द्विदल पिकांबद्दल एक गैरसमज आहे, तो भावालाही होता. 'सोयाबीन घेतलं की जमिनीला नत्र मिळतो.' मिळतो, पण सोयाबीनचे दाणे म्हणजे नत्राचे गोळेच, चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन. मुळांवरच्या गाठींनी हवेतून आणलेला बराचसा नत्र दाण्यांबरोबर बाजारात जातो, कधीकधी जमिनीतलाही थोडा बरोबर घेऊन. तूर बरी, तिची पानं भरपूर गळतात. सगळ्यात सरस म्हणजे ताग किंवा धैंचा फुलावर आला की गाडून टाकणं, पण दीड महिना शेत अडकवून पैसा शून्य, हे कोणाला परवडतं ते मला विचारू नका. आणि आजोबांच्या वेळची मेंढरं बसवायची पद्धत, धनगरांचा कळप रात्रभर रानात, बदल्यात धान्य किंवा पैसे. माळावरचं गवत खाऊन ती मेंढरं नत्र आणि कार्बन दोन्ही चालत आपल्या शेतात आणून टाकायची, लेंडीच्या रूपात भाकरी-कालवण एकत्र. ट्रान्सपोर्ट फुकट.

उलट्या दिशेचं ट्रान्सपोर्ट मात्र रोज चालू आहे, आणि त्याचं टोक आपण. वाशीच्या मार्केटला ज्वारीचा दहा टनांचा एक ट्रक आला की त्यात साधारण १६० किलो नत्र असतो, पावणेआठ पोती युरिया. तो भाकरीतून आपल्या पोटात, तिथून गटारात, आणि वरळी-वांद्र्याला समुद्रात लांबवर सोडलेल्या पाइपांतून अरबी समुद्रात. शेतात परत काहीच नाही. पूर्वी गावातलं धान्य गावात खाल्लं जायचं आणि उकिरडा गावातच असायचा, आता उकिरडा देवनारला. यावर माझ्याकडे उपाय नाही, सोसायटीचा खड्डा म्हणजे दर्यामें खसखस, पण चेंबूरवरून जाताना 'सुफला' खत बनवणाऱ्या कारखान्याची चिमणी दिसली की आता मला वाटतं, ही गेलेल्या ट्रकांची भरपाई चाललीय.

भाऊ सगळं ऐकून म्हणाला, पाचट यंदा पेटवत नाही, खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) सरीत ठेवतो. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यात दहा-पंधरा किलो नत्र आणि वर दीडेक टन कार्बन. पण त्याने लगेच विचारलं, मग कृषी खात्याचे लोक पाचटावर वरून युरिया आणि सुपर फॉस्फेट टाका का सांगतात, मी म्हटलं कालवण रे! नुसत्या पाचटावर जिवाणू तुझ्या उसाचं ताट ओढतील. हे त्याला इतकं पटलं की त्याने फोन काढून मित्राला तिथल्या तिथे सांगितलं. खरं कारण मात्र त्याचं वेगळं आहे, पाचट ठेवलं की पाण्याची एक-दोन पाळी वाचते. असू दे.

मग मी विचारलं, 'आपलं' लिहिलेला डबा तुझ्या रानातला ना? तर म्हणाला, नाही ताई, माझ्यातलं नाही. तुमच्या वाटणीचा तुकडा आहे तो, काकांचा.

तो तुकडा आम्ही वाट्याने देतो. कूळ लागेल या भीतीने वडील दर एक-दोन वर्षांनी माणूस बदलतात, कागद नाही, सगळं तोंडी, गावाकडे जमीन असलेली निम्मी मुंबई हेच करते. आता ज्याला माहीत आहे की पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे नाही, तो त्यात शेणखताच्या दहा गाड्या का टाकेल? शेणखतातला नत्र पहिल्या हंगामात थोडाच मिळतो, बाकीचा पुढची काही वर्षं सुटत राहतो, म्हणजे त्याच्या पैशाचं खत दुसराच खाणार. तो युरिया टाकणार, जे चार महिन्यांत वसूल होतं तेच टाकणार, आणि ताटं, धसकटं सगळं उचलून नेणार. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

रात्री अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं, की एकाच माणसाला निदान पाच वर्षं द्या, पाहिजे तर वकिलाकडून नीट करार करून घेऊ, आणि शेणखताचा निम्मा खर्च आपण देऊ. ते टीव्ही बघत होते. म्हणाले, ग्लासात माती विरघळली म्हणून मी कोर्टकचेरी मागे लावून घेऊ का? मी बांधावरचं ढेकूळ अजून टाकलेलं नव्हतं, ग्लासासकट त्यांच्यासमोर टीपॉयवर नेऊन ठेवलं. दुसरा ग्लासही. त्यांनी बराच वेळ बघितलं, चमच्याने ते ढेकूळ एकदा टोचून पण पाहिलं.

'बघू,' म्हणाले. 'त्याला सांग, पुढच्या वेळी येताना विहिरीजवळच्या कोपऱ्यातली पण आण. तिथे तात्या मेंढरं बसवायचे.'